आधी चित्र, मग सुई

मेंदूच्या एमआरआय फिल्मवर कधी कधी एक पांढरं कडं उमटतं. मध्ये काळसर, भोवती उजळ आणि त्याच्याही बाहेर सुजेचा पसरट डाग. रिपोर्टात त्याला ‘रिंग एन्हान्सिंग लीजन’ म्हणतात. घरचे लोक बाहेर येऊन सांगतात, ‘मेंदूत गाठ निघाली.’ हे कडं कर्करोगाचं असू शकतं, पू धरलेल्या फोडाचं असू शकतं, क्षयाच्या गाठीचं किंवा पट्टकृमीच्या अळीचंही असू शकतं. आणि यांपैकी काहीच नसून, शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण ओरबाडून काढलं म्हणूनही ते दिसू शकतं. या शेवटच्या गटाला डीमायलिनेशन म्हणतात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा त्यातला सर्वांत ओळखीचा आजार. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या या आजारांचे उपचार मात्र एकमेकांच्या विरोधात जातात. गाठीला शस्त्रक्रिया आणि किरणोपचार लागतात. तेच किरण डीमायलिनेशनच्या जागेवर पडले तर मेंदूची हानी वाढते. डीमायलिनेशनला मोठ्या मात्रेत स्टेरॉइड लागतं. तेच स्टेरॉइड न ओळखलेल्या जंतुसंसर्गाला मोकळं रान देतं.

हा पेच मोठ्या शहरातल्या परिषदांपुरता राहिलेला नाही. जामखेड तालुक्यातलं खर्डा इतिहासाच्या पुस्तकात ११ मार्च १७९५ च्या निजामावरच्या विजयापुरतं येतं, पण आज तिथल्या एखाद्या बाईला पहिली फिट आली किंवा तरण्या पोराचा एक हात-पाय लुळा पडू लागला, तर घरच्यांपुढे रस्ते ठरलेले असतात : जामखेड, नाही तर बार्शी, नाही तर शंभरेक किलोमीटरवरचं नगर, आणि शेवटी पुणे. त्या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी काही तरी टोचतं. चित्र निघेपर्यंत आजाराचा मूळ चेहरा राहिलेला असेलच, असं सांगता येत नाही. मेंदूच्या चित्रावरून हे आजार वेगळे ओळखता येतात का, आणि त्यावर कितपत विसंबावं, हा वाद म्हणूनच इथे मांडतो. वाद घालणारे दोघे कल्पित आहेत : एक खर्ड्यासारख्या गावात वर्षानुवर्षं दवाखाना चालवणारे डॉक्टर, दुसऱ्या नगरसारख्या जिल्ह्याच्या गावी एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्ट. माझं माप कुणाच्या पारड्यात आहे ते लपवण्यात अर्थ नाही. पण पूर्वपक्ष कच्चा मांडून उत्तरपक्ष जिंकवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे, ती टाळायची आहे.

डॉक्टर : मॅडम, तुमच्या यंत्राला आजार दिसत नाही, पाणी दिसतं. ऊतीत पाणी वाढलं की टी-टू चित्रात ती जागा पांढरी होते. सूज असो, पू असो, गाठ असो, रंग एकच. कॉन्ट्रास्टची सुई देऊन तुम्ही आणखी एक गोष्ट बघता, की मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तटबंदी कुठे फुटली आहे. तीही प्रत्येक आजारात फुटते. मग रिपोर्टाच्या तळाशी चार नावं लिहून येतात आणि पाचवी ओळ असते, ‘क्लिनिकली कोरिलेट करा’. म्हणजे चेंडू परत माझ्याकडे. आमच्या तालुक्यात रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, ते यंत्रांच्या जोरावर नव्हे. फारसं न शिकलेल्या बायकांना त्यांनी आजार बघायला शिकवलं आणि त्या कामाची दखल साऱ्या जगाने घेतली. मला म्हणायचं आहे ते इतकंच, की नीट विचारपूस, नीट तपासणी आणि शंका आलीच तर ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, हे खरं निदान. मधलं चित्र महागडं आहे आणि पुष्कळदा दिशाभूल करतं. पुरावा हवा तर आपल्याच देशातला घ्या. सीटी स्कॅन आल्यावर फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत बारीक गोल कडी दिसू लागली. हा देश क्षयाचा, म्हणून कडं दिसलं की क्षयाची गाठ असं धरून महिनोन्‌महिने औषधं चालू राहिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चंडी आणि वेदांतम राजशेखर यांनी त्या कड्यांचे तुकडे काढून बघितले, तर बहुतेकांत निघाली पट्टकृमीची अळी. चित्र सगळ्यांनी पाहिलं होतं. खरं सांगितलं ते तुकड्याने.

रेडिओलॉजिस्ट : वेल्लोरची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत, डॉक्टर. तुकडे काढून ते थांबले नाहीत. कोणत्या कड्यात अळी निघते आणि कोणत्यात क्षय, हे त्यांनी पुन्हा चित्रांकडे जाऊन पडताळलं आणि खुणा ठरवल्या : कडं एकच असावं, वीस मिलिमीटरपेक्षा लहान असावं, भोवतीच्या सुजेने मेंदूची मधली रेषा सरकलेली नसावी, रुग्णाला फिट आलेली असावी, पण कवटीतला दाब वाढल्याची किंवा दिवसागणिक वाढत जाणाऱ्या लकव्याची लक्षणं नसावीत, आणि अंगात दुसरीकडे कुठे क्षय किंवा कर्करोग चालू नसावा. या खुणा जुळल्या की कवटीला भोक पाडायचं कारण उरलं नाही; फिटचं औषध द्यायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून कडं विरलं का ते बघायचं. म्हणजे तुकड्याने चित्राला खोटं ठरवलं नाही, वाचायला शिकवलं. मोजक्या रुग्णांच्या बायोप्सीतून मिळालेलं ज्ञान त्यानंतरच्या असंख्य रुग्णांना बायोप्सीविना उपयोगी पडलं. माझा सारा युक्तिवाद याच नात्यावर उभा आहे.

आता पाण्याचा मुद्दा. एकट्या रंगावरून निदान होत नाही, हे मान्य. पण आम्ही रंगाआधी जागा आणि आकार बघतो. मायलिनचा आजार मेंदूत वाटेल तिथे बसत नाही. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून, बारीक शिरांच्या अंगाने, पोकळीशी काटकोन करून उभे राहणारे लांबट डाग हे एमएसचं वैशिष्ट्य. एडिंबराच्या जेम्स डॉसनने १९१६ साली मृतांच्या मेंदूंत ते वर्णिले, म्हणून आजही त्यांना डॉसनची बोटं म्हणतात. त्या काळी ते मेल्यावरच दिसत. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात इयन यंग आणि सहकाऱ्यांनी एमएसच्या दहा रुग्णांची तुलना केली : सीटीत मिळून १९ डाग दिसले होते, नव्या चुंबकीय चित्रात आणखी ११२ दिसले. आजच्या यंत्रात त्या डागाच्या मधोमध जाणारी शीरसुद्धा वेगळी दिसते, आणि २०२४ च्या सुधारित मॅकडोनाल्ड निकषांत त्या शिरेला निदानाचा पुरावा म्हणून स्थान मिळालं आहे. गाठ किंवा फोड शिरेभोवती असा शिस्तीत बसत नाही.

(इथे एक गोष्ट वाचकाने लक्षात घ्यावी. असे विखुरलेले छोटे डाग असले तर वाद फारसा होत नाही. खरा झगडा होतो तो दोन सेंटिमीटरहून मोठ्या, एकट्या, गाठीसारख्या दिसणाऱ्या डीमायलिनेशनवर. त्याला ‘ट्युमिफॅक्टिव्ह’ म्हणतात, म्हणजे गाठीचं सोंग घेतलेलं. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न तिथेच जातो.)

डॉक्टर : बोटांसारखे डाग दिसले तर मीही वाद घालणार नाही. पण चार सेंटिमीटरचं एकच कडं, भोवती सूज, चाळिशीतला माणूस, डावा हात जड पडलेला. ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूचा सर्वांत घातक कर्करोगही असाच दिसतो. इथे तुमच्या चित्राने काय सांगावं?

रेडिओलॉजिस्ट : चार गोष्टी बघते आणि त्यातली एकही एकटी पुरत नाही हे आधीच सांगते. पहिली, कडं पूर्ण आहे की तुटकं. डीमायलिनेशनचं कडं पुष्कळदा नालेसारखं उघडं असतं आणि त्याची उघडी बाजू मेंदूच्या करड्या भागाकडे, म्हणजे सालीकडे असते. याला कारण आहे. उजळणारी कड म्हणजे हल्ला पुढे सरकत असलेली आघाडी. ती पांढऱ्या भागात सरकते, कारण मायलिन तिथे भरपूर आहे, आणि करड्या भागाशी येऊन मंदावते. कर्करोगाला मायलिनचं देणंघेणं नसतं. त्याचं कडं जाड, खडबडीत आणि सगळीकडून बंद असतं. फोडाचं बंद, पण बहुधा पातळ आणि गुळगुळीत. जोसेफ मॅसड्यू यांनी २००० साली ही उघड्या कड्याची खूण मोठ्या तुलनेने मांडली. दुसरी गोष्ट, आकाराच्या मानाने ढकलाढकल किती. चार सेंटिमीटरची गाठ शेजाऱ्यांना रेटते; तेवढ्याच आकाराचं डीमायलिनेशन पुष्कळदा त्या मानाने फारच कमी रेटतं, कारण तिथे नवीन काही उगवलेलं नाही, असलेलं उद्ध्वस्त झालं आहे. तिसरी, रक्ताचं प्रमाण. घातक गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फोडते, म्हणून परफ्युजन चित्रात तिच्या कडेला रक्त वाढलेलं दिसतं; मायलिनच्या आजारात तसं वाढत नाही. आणि चौथी गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे, कारण ती स्वस्त आहे : साधा सीटी. एमआरआयमध्ये उजळलेली तीच कड बिनकॉन्ट्रास्टच्या सीटीत काळसर दिसली तर पारडं डीमायलिनेशनकडे झुकतं. पेशींनी ठासून भरलेली गाठ, विशेषतः लिम्फोमा, सीटीत तितकी काळी दिसत नाही. ग्रामीण भागात रुग्ण सीटी आधीच काढून आलेला असतो, आणि एमआरआय झाला की तो सीटी कचऱ्यात जातो. तो माझ्यापर्यंत आला पाहिजे.

डॉक्टर : आणि स्पेक्ट्रोस्कोपी? ते रासायनिक आलेख काढून देतात त्यावर रुग्णाचे नातेवाईक फार विश्वास ठेवतात.

रेडिओलॉजिस्ट : मी कमी ठेवते. पेशींची आवरणं मोडली की कोलीनचा सुळका वर जातो, मग ती गाठीत वाढ होताना मोडोत की मायलिन झडताना. नुसत्या कोलीनवर कर्करोग म्हणणं चूक आहे. तो आलेख क्षयात मात्र खरोखर कामाचा ठरतो, त्याबद्दल पुढे बोलू.

हा प्रामाणिकपणा उत्तरपक्षाला महाग पडतो, कारण डॉक्टरांना हवं होतं ते हेच : प्रत्येक खुणेला अपवाद आहे, अशी कबुली. ते पुढे जाऊन आणखी मुळाशी घाव घालतात.

डॉक्टर : अपवाद तर आहेतच, पण मला मुळात ही तीन खात्यांची वाटणीच खोटी वाटते. गाठ वेगळी, संसर्ग वेगळा, मायलिनचा आजार वेगळा, असं निसर्गाने कुठे लिहून ठेवलंय? पूर्वी कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. ती सेंपल लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, १९११ साली कसौलीत निघाली आणि २००५च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली. त्या लशीने काही जणांचं स्वतःच्याच मायलिनशी वैर जुंपायचं आणि माणूस लुळा पडायचा. गोवरानंतरही तसं होतं. तिथे रोग जंतूचा की प्रतिकारशक्तीचा? दुसरं टोक बघा. पीएमएल नावाच्या आजारात जेसी विषाणू मायलिन बनवणाऱ्या पेशीच मारतो, म्हणजे संसर्ग हेच डीमायलिनेशन. आणि एमएसवरच्या नतालिझुमॅब या औषधाने काहींना तोच पीएमएल झाला, म्हणून ते औषध २००५ साली बाजारातून मागे घ्यावं लागलं, पुढच्या वर्षी बंधनं घालून परत आणलं. उपचारच जिथे एका खात्यातून रुग्णाला दुसऱ्या खात्यात ढकलतो, तिथे तुमचं चित्र खाती कशी पाडणार?

रेडिओलॉजिस्ट : सरहद्द धूसर आहे म्हणून दोन गावं एक होत नाहीत. रुग्णाच्या बिछान्यापाशी प्रश्न तात्त्विक नसतो. प्रश्न असतो की उद्या सकाळी कोणतं औषध सुरू करायचं आणि कोणतं टाळायचं. पू झालेल्या फोडाचंच घ्या. पू घट्ट असतो, त्यातल्या पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नसते. म्हणून डिफ्यूजन चित्रात कड्याचा मधला भाग लखलखतो. कर्करोगाच्या मधली सडलेली जागा पातळ असते, तिथे पाणी मोकळं फिरतं आणि ती जागा तशी चमकत नाही. हे चित्र काढायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात, सुई लागत नाही, आणि ‘आजच उघडून पू काढा’ की ‘थांबा’ हा निर्णय त्यावर फिरतो. क्षयाच्या घट्ट, दह्यासारख्या गाठीचा मध्यभाग टी-टूत काळपट दिसतो आणि स्पेक्ट्रोस्कोपीत चरबीचा उंच सुळका येतो. लखनौच्या संजय गांधी संस्थेत राकेश गुप्ता यांनी यावर पुष्कळ काम केलं. पट्टकृमीच्या पिशवीत अळीचं डोकं ठिपक्यासारखं दिसलं तर ती खूण जवळजवळ निर्णायकच. पीएमएलही ओळखू येतो : सालीखालच्या पांढऱ्या तंतूंपर्यंत पसरलेला, कडं न धरणारा, काहीही न रेटणारा डाग, आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती पडलेली. तुम्ही हातातलं हत्यार काढून घेतलंत असं मला वाटत नाही. इतकंच म्हणालात की ते नुसतं फिरवून चालत नाही. क्षयाची गाठ आत पातळ झाली की तीही डिफ्यूजनमध्ये फोडासारखी चमकू शकते. म्हणून मी छातीचा एक्स-रे मागते, एचआयव्हीची तपासणी मागते, आणि शंका मायलिनची असेल तर मणक्याचा एमआरआय मागते. मेंदूतला संशय पुष्कळदा मानेच्या मज्जारज्जूत सुटतो. एमएसचा तिथला डाग आखूड असतो, बहुधा दोन मणक्यांच्या आतला. तीन मणके किंवा त्याहून लांब डाग दिसला तर २००४ साली सापडलेल्या प्रतिपिंडांचा आजार, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, आधी वगळावा लागतो. एमएसवरची काही औषधं त्या आजाराला बिघडवतात, म्हणून हा फरक शब्दच्छल नाही.

यात एक मुद्दा दोघांच्याही बोलण्यातून निसटतो, तो मी जोडतो. खूण तीच असली तरी तिचं वजन गावागणिक बदलतं. फिट आलेल्या माणसाच्या मेंदूत बारीक कडं दिसलं, तर ते लंडनमध्ये आणि खर्ड्यात एकाच अर्थाने वाचून चालणार नाही. इथे पट्टकृमी आणि क्षय कितीतरी जास्त, एमएस कितीतरी कमी. (डुकराचं मांस घरात शिजत नाही म्हणून पट्टकृमीची शंका सोडून देणारे सुशिक्षितही भेटतात; पण अंडी पोटात जातात ती मातीच्या हातांतून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून.) पण ‘एमएस आपल्याकडे नाहीच’ हे दुसरं टोकही तितकंच चूक. नोशीर वाडिया यांनी १९९० साली पारशी समाजातलं एमएसचं प्रमाण मांडलं, ते लाखामागे वीसहून अधिक भरलं. सरासरीने देशात विरळ असलेला आजार एका समाजात असा ठळक सापडला. आणि डीमायलिनेशन म्हणजे फक्त एमएसही नव्हे. शाकाहारी, अर्धपोटी, वर्षानुवर्षं पोटाच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या ‘व्ही’सारखा पांढरा पट्टा दिसला, तर तो बहुधा बी-बारा जीवनसत्त्वाच्या अभावाचा असतो. साध्या इंजेक्शनांनी थांबवता येणारा हा मायलिनचा आजार. आपल्या भागात त्याची आठवण एमएसच्या आधी झाली पाहिजे.

आता वादाचा गाभा. तो चित्राच्या गुणदोषांत नाही, क्रमात आहे.

डॉक्टर : मॅडम, रुग्ण माझ्याकडे रात्री येतो. डोकं फुटतंय, उलट्या होतायत, अर्धं अंग ओढत नाही. मी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतो. सकाळपर्यंत माणूस उठून बसतो. तुम्ही म्हणता, चित्राआधी देऊ नका. नगरला पोचेपर्यंत तो बेशुद्ध पडला तर चित्राचं काय लोणचं घालू? शिवाय क्षयाच्या मेंदूज्वरात आणि पट्टकृमीतही तुम्ही स्टेरॉइड देताच. मग माझ्या सुईनेच काय बिघडतं?

रेडिओलॉजिस्ट : बिघडतं ते औषधाने नव्हे, आधी दिल्याने. लिम्फोमा घ्या. मेंदूचा हा कर्करोग डीमायलिनेशनसारखाच पोकळ्यांच्या कडेला बसतो आणि स्टेरॉइडने काही दिवसांत विरघळू लागतो. चित्रातलं कडं नाहीसं होतं, सगळे आनंदतात, एमएस होता म्हणतात, आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्या जागी उगवतो. तुम्ही तुकड्याला शेवटचा न्यायाधीश मानलंत. स्टेरॉइड घेतलेल्या लिम्फोमाचा तुकडा काढला तर त्यात कर्करोगाच्या पेशी मरून गेलेल्या असतात आणि उरतात त्या केर उचलणाऱ्या पेशी, ज्या डीमायलिनेशनमध्येही दिसतात. त्याच्या उलटही घडतं. खऱ्या डीमायलिनेशनच्या तुकड्यात अशा काही विचित्र पेशी दिसतात की विभागणाऱ्या कर्करोगाच्या वाटाव्यात; त्यावर विसंबून किरणोपचार सुरू झाले तर नुकसान भरून येत नाही. म्हणजे सूक्ष्मदर्शकही चित्राइतकाच संदर्भावर अवलंबून आहे. ऊती तपासणाऱ्याला ‘रेडिओलॉजिस्टला डीमायलिनेशनची शंका आहे’ हे आधी कळलं, तर तो मायलिनचे आणि केर उचलणाऱ्या पेशींचे खास रंग लावून बघतो. न कळलं तर बघेलच असं नाही. क्षयात आणि पट्टकृमीत आम्ही स्टेरॉइड देतो ते निदानानंतर आणि जोडीला औषधांचं कवच घालून. आणि जीव जायच्या बेतात असेल तर वाट बघू नका, हे मीच सांगेन. दाब वाढल्याची खरी लक्षणं असतील तर मॅनिटॉल द्या, आणि गरजच पडली तर स्टेरॉइडही द्या. पण कोणतं, किती आणि किती वाजता, हे चिठ्ठीवर लिहा. बोलणं चालू असलेला, चालत आलेला, दिवसभर थांबू शकणारा रुग्ण मात्र ‘बरं वाटेल’ म्हणून टोचू नका.

डॉक्टरांचा यावरचा आक्षेप हलका नाही. ते म्हणतात, ‘बरं वाटतंय का ते बघू’ हीसुद्धा एक तपासणीच आहे. क्षयाची औषधं देऊन बघायची, गाठ कमी झाली तर क्षय. गरिबाला परवडणारी हीच बायोप्सी. ही रीत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिला नाव ठेवणं धाडसाचं वाटतं, तरीही ती तकलादू आहे. क्षयाची गाठ योग्य औषधांवरही सुरुवातीला वाढू शकते. तेव्हा रुग्ण आणि डॉक्टर दोघेही चुकीच्या निष्कर्षाला येतात. उलट पट्टकृमीचं कडं कोणतंही औषध न देता विरतं. त्या वेळी क्षयाची औषधं चालू असतील तर श्रेय त्यांना जातं, आणि रुग्ण नऊ ते बारा महिने यकृताला जड जाणाऱ्या गोळ्या विनाकारण गिळतो. डीमायलिनेशनही काही आठवड्यांत आपोआप ओसरू शकतं. औषधाला मिळालेला प्रतिसाद बघायचा तर आधीचं चित्र नीट हवं, औषध एकच हवं आणि दुसरं चित्र ठरवून काढलेलं हवं. तीनही नसतील तर तो प्रयोग नव्हे, जुगार आहे. स्टेरॉइड आणि क्षयाची औषधं एकाच दिवशी सुरू करून ‘कशाने तरी फरक पडला’ म्हणणं, हे तर निदानाचा रस्ताच बुजवणं.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि तो डॉक्टरांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाने उचल घेऊन स्कॅनचे पैसे भरायचे, तेव्हा ‘परफ्युजन करा, स्पेक्ट्रोस्कोपी करा, मणकाही करा’ म्हणणं क्रूर वाटतं. माझं मत असं, की पैसे वाचवण्याच्या नावाखाली सर्वांत महाग गोष्ट घडते ती अर्धवट स्कॅनची. कॉन्ट्रास्टविना, डिफ्यूजनविना काढलेला साधा एमआरआय कड्याचा प्रश्न सोडवत नाही. पंधरा दिवसांनी तोच पुन्हा, कॉन्ट्रास्टसह, दुसऱ्या गावी काढावा लागतो, आणि मधल्या काळात सुया सुरू झालेल्या असतात. त्यापेक्षा एकदाच, मूत्रपिंडाचा अहवाल पाहून, कॉन्ट्रास्ट आणि डिफ्यूजनसह पूर्ण मेंदू काढावा. परफ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी प्रत्येकाला लागत नाही. पहिल्या चित्रांनंतरही कर्करोग की मायलिन असा तिढा उरला तरच लागते. मणक्याचा एमआरआय डीमायलिनेशनच्या शंकेपुरता. आणि रुग्ण स्थिर असेल तर दुसरं चित्र सहा ते आठ आठवड्यांनी. काळ हीसुद्धा तपासणी आहे, आणि तिला सुरी लागत नाही : डीमायलिनेशनचं कडं तोवर फिकटतं, अळीचं आकसू लागतं, घातक गाठ वाढते.

डॉक्टर शेवटी एक गोष्ट सोडत नाहीत आणि ती सोडायचं कारणही नाही. सगळं नीट करूनही काही कडी बोलत नाहीतच. तिथे बायोप्सीच लागते, आणि ‘चित्रावरून कळतंच’ अशा भरवशावर ती लांबवणं हाही तितकाच मोठा गुन्हा. रेडिओलॉजिस्टने अशा वेळी चार नावांची यादी देऊन हात झटकू नयेत. कोणतं नाव पहिलं, का, आणि ते चुकलं तर काय दिसलं पाहिजे, हे रिपोर्टात लिहावं. तेवढं लिहिलं की ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ या ओळीला अर्थ येतो. त्याविना ती ओळ जबाबदारी टाळण्याची सोय आहे.

एवढं झालं तर दोघांतलं भांडण पुष्कळ मिटतं, पण त्यासाठी पहिलं पाऊल गावातच पडावं लागतं. जामखेड, खर्डा, भूम, पाटोदा या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे : मेंदूच्या स्कॅनला पाठवताना चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहू नका. लक्षणं कधी सुरू झाली आणि वाढली की ओसरली, ताप होता का, पूर्वी डोळा अंधारला होता का, क्षयाचा इतिहास आहे का, आणि स्टेरॉइडची सुई दिली असेल तर कोणत्या दिवशी, हे चार ओळींत लिहा. आणि रुग्णाच्या घरच्यांनी फिल्मबरोबर सीडी मागून घ्यावी, जुना सीटी फेकू नये आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दोन्ही दाखवावेत.